१९४३ चा तांब्याचा सेंट सापडलाय… निदान दिसतोय तरी तसा

निळा_डबा
नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे. धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझे मोठे काका मालवाहू जहाजावर होते. ज्या बंदरात उतरतील तिथली उरलेली चिल्लर खिशातून घरी यायची आणि एका निळ्या पत्र्याच्या डब्यात पडायची. काका गेले, डबा माझ्याकडे आला. परवा तो चादरीवर उपडा केला आणि देशावार ढीग लावत बसले. अमेरिकेच्या ढिगात एका सेंटवर साल निघालं १९४३.

त्या वर्षी अमेरिकेने सेंट तांब्याऐवजी पोलादाचे पाडले होते, तांबं युद्धाच्या कामाला हवं होतं म्हणून, एवढं मला माहीत होतं. ते सेंट पांढुरके असतात. माझा मात्र चक्क तांबूस आहे! चुकून तांब्याच्या चकतीवर पडलेले काही मोजके १९४३ चे सेंट जगात आहेत, हेही इथेच कधीतरी वाचलेलं. दोन रात्री झोप नाही. काकू घासायला घेणार होत्या, हातातून काढून घेतलं.

आता पुढे काय करू?

खडूस_मापारी
वजन किती? ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत. आणि चुंबक लावून काय होतं ते सांगा. फोटो नंतर टाका. रंगावर मी मत देत नाही.

ठोकळा
अभिनंदन ताई!! या नाण्याच्या बदल्यात हेन्री फोर्ड नवी कोरी गाडी देणार होता म्हणे.

खडूस_मापारी
अफवा होती ती. फोर्डने असं काही देऊ केलं नव्हतं. पण तिच्यामुळे एक झालं, घरोघरी लोक चिल्लर उपसायला लागले आणि पोलादी सेंटवर तांब्याचा मुलामा चढवणारे सोकावले. म्हणून चुंबक विचारला.

निळा_डबा
घरातला काटा स्वयंपाकघरातला आहे, तो कधी २ ग्रॅम दाखवतो, कधी ३. चुंबक शोधते. तोवर एक प्रश्न: मुळात असं होतंच कसं? टांकसाळीत एवढी तपासणी असताना भलतीच चकती यंत्रात जाते कशी?

कडेलोट
चांगला प्रश्न. बरेच जण नुसती यादी पाठ करतात, 'हे साल बघा, ते साल बघा', आणि नाणं कसं तयार होतं तिकडे लक्षच देत नाहीत. जरा लांबण लागेल.

धातूच्या लांब पट्ट्यातून गोल चकत्या छाटल्या जातात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, मग एका यंत्रातून फिरवून त्यांची कड किंचित उठवतात. अशी कड उठवलेली चकती म्हणजे प्लँचेट. ही सगळी वाहतूक मोठमोठ्या पेट्यांतून होते. पेटी उपडी केली की हजारो चकत्या धबधब्यासारख्या यंत्राच्या तोंडात पडतात. आता पेटीच्या कोपऱ्यात, झडपेच्या फटीत एखादी चकती अडकून राहिली आणि पुढच्या वेळी त्याच पेटीत दुसऱ्या धातूचा माल भरला, तर ती आधीची चकती कधीतरी सुटून नव्यांबरोबर घरंगळते. १९४३ च्या तांब्याच्या सेंटबद्दल सर्वमान्य स्पष्टीकरण हेच आहे: १९४२ च्या काही ब्राँझ (म्हणजे बहुतांश तांबंच) चकत्या मागे राहिल्या आणि पोलादाबरोबर ठशाखाली गेल्या. त्या वर्षी अमेरिकेच्या तिन्ही टांकसाळी मिळून एक अब्जाहून जास्त पोलादी सेंट पडले. एवढ्या पुरात चार ब्राँझचे थेंब कुणाला दिसणार?

आता यंत्राच्या आत. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि चकतीभोवती पोलादी कडं, त्याला कॉलर म्हणतात. चकती त्या कड्यात बसली पाहिजे. म्हणजे भलती चकती एक तर त्याच मापाची किंवा त्याहून लहान असायला हवी. मोठी असेल तर ती आत उतरतच नाही, यंत्र अडतं. त्यामुळे कुणी 'लहान नाण्याचा ठसा मोठ्या चकतीवर' असं काही दाखवलं तर आधी भुवई उंचवायची. ठशाचा फटका कड्याबाहेर बसूही शकतो, पण ते प्रकरण विरळा.

लहान चकतीवर मोठा ठसा पडला की धातूला अडवायला भिंत नसते, तो वाट फुटेल तिकडे पसरतो. नाणं पुरतं गोल राहत नाही, कडेची अक्षरं अर्धी कापली जातात, आणि त्या नाण्याची कड एरवी दातेरी असली तरी दाते उमटत नाहीत, कारण दाते ठशात नसतात, कड्यात असतात. ही खूण मला सगळ्यात आवडते. नकली बनवणाऱ्याला चित्र जमतं, पण धातू कसा वाहतो त्याचं सोंग आणता येत नाही.

घडवंची
@कडेलोट, मस्त. माझा नेहमी गोंधळ होतो. ते 'म्यूल' म्हणतात ते हेच का?

कडेलोट
नाही. म्यूलमध्ये चकती बरोबर, जोडी चुकीची: दोन वेगळ्या नाण्यांचे ठसे एकत्र लागतात. २००० साली अमेरिकेत एका बाजूला पाव डॉलरचा वॉशिंग्टन आणि दुसऱ्या बाजूला एक डॉलरचा गरुड अशी नाणी निघाली, ती म्यूल. २००८ च्या सुमारास ब्रिटनचा साल नसलेला २० पेन्सही तसाच, नवी एक बाजू आणि जुनी दुसरी. आपण बोलतोय त्यात ठसे बरोबर असतात, धातूची चकती भलती.

तिसरा एक प्रकार मला फार गमतीचा वाटतो. आधीच छापलेलं एक नाणं दुसऱ्या ठशाखाली जातं. दहा सेंटच्या नाण्यावर एक सेंटचा ठसा. संग्राहक त्याला 'अकरा सेंट' म्हणतात. भिंगातून पाहिलं तर सेंटवरच्या लिंकनच्या गालाखाली दहा सेंटची अक्षरं भुतासारखी दिसतात.

नाणेफेक्या
आणि छाटणी बरोबर पण पट्टाच भलता, हा चौथा. पाव डॉलरची चकती छाटायच्या यंत्रात दहा सेंटचा पातळ पट्टा गेला. व्यास अगदी बरोबर, धातूही तोच, नाणं मात्र कागदासारखं हलकं. डोळ्यांना काहीच कळत नाही, हाताला कळतं.

घडवंची
हाताला कळतं हे खरंय. आमच्या ओळखीचे एक वयस्कर संग्राहक नाणी मेजावर टाकून आवाज ऐकायचे. १९६५ च्या आधीच्या अमेरिकन चांदीचा नाद लांबतो, नंतरच्या थरांच्या नाण्याचा 'ठक्' होऊन संपतो.

नाणेफेक्या
मेजावर टाकायचे!! 😱 कडेला खोक पडते हो. बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकंच वाजवा हवं तर.

पण १९६५ चा विषय काढलात ते बरं झालं. धातू जिथे बदलतो ते सांध्याचं वर्ष. चांदी बंद होऊन तांब्या-निकेलचे थर आले, तेव्हा मागे राहिलेल्या चांदीच्या काही चकत्यांवर १९६५ साल पडलं, आणि उलट १९६४ साल थरांच्या चकत्यांवर. दहा सेंट चांदीचं असेल तर २.५० ग्रॅम, थरांचं असेल तर २.२७. पाव डॉलर ६.२५ आणि ५.६७. कड बघितली तरी चालतं, थरांच्या नाण्याच्या कडेवर तांब्याची रेघ दिसते. तसाच १९८२-८३ चा सेंट: ब्राँझचा ३.११ ग्रॅम, जस्ताचा २.५०. १९८२ मध्ये दोन्ही अधिकृतपणे पडले, त्यामुळे १९८२ चा जड सेंट ही चूक नाही. १९८३ चा जड सेंट मात्र निघाला तर बसायला खुर्ची घ्या.

ठोकळा
चला, आता माझी फजिती ऐका. लाज वाटते पण ताईंच्या उपयोगी पडेल.

सहा वर्षांपूर्वी मीही 'तांब्याचा १९४३' घेतला. अनोळखी माणूस होता, समाजमाध्यमावर भेटलेला. मी काही अगदीच बावळट नव्हतो. चुंबक नेला होता, चिकटला नाही. काटा नेला होता, ३.१० दाखवला. ब्राँझच्या सेंटचं प्रमाण वजन ३.११, जरासं झिजलंय म्हटलं. हात थरथरत होते. घेतला.

महिन्याभराने एका जाणकाराला दाखवला. त्याने भिंग लावलं, पाच सेकंदांत परत दिला आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस आहे." १९४८ च्या शेवटच्या आठाची डावी बाजू कोरून काढून तीन केला होता! नाणं खरं, धातू खरा, वजन खरं, फक्त साल खोटं. खऱ्या १९४३ च्या तिनाची शेपटी बाकीच्या आकड्यांच्या रेघेखाली चांगली लांब उतरते. माझ्या तिनाची शेपटी रेघेवरच थांबलेली. हे मला घ्यायच्या आधी माहीत असायला हवं होतं ना? माहीत होतं! वाचलं होतं! पण काट्यावर ३.१० दिसल्यावर डोळ्यांनी बघायचं बंदच केलं.

ते नाणं अजून ठेवलंय. आपलंच नाणं खोटं, कुणाला बोल लावणार.

खडूस_मापारी
@ठोकळा, हे लिहिलंत त्याबद्दल मानलं तुम्हाला. वजनाचा आग्रह मीच धरतो, पण वजनाने फक्त 'नाही' म्हणता येतं, 'हो' म्हणता येत नाही.

चिकित्सक
ब्रिटनच्या तांबड्या नाण्यांत तर वजनाचा काडीचा उपयोग नाही. १९९२ पासून १ आणि २ पेन्स ब्राँझऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादाचे झाले, पण वजन तेच ठेवलं: १ पेनी ३.५६ ग्रॅम, २ पेन्स ७.१२. पोलाद ब्राँझपेक्षा हलकं, म्हणून नाणं थोडं जाड केलं. इथे निर्णय चुंबकाचा. आणि तिथेही एक खड्डा आहे: १९९८ चे २ पेन्स दोन्ही धातूंत अधिकृतपणे पडले. दर दोन महिन्यांनी कुणीतरी '१९९८ चं २ पेन्स चुंबकाला चिकटत नाही, मी श्रीमंत झालो का' असा धागा काढतो.

घडवंची
मीच काढला होता मागच्या वर्षी 🙈

चिकित्सक
आठवतंय 😀

पारा
रसायनशाळेत काम करतो म्हणून रंगाबद्दल दोन शब्द. तांब्याचं नाणं जस्ताच्या गरम द्रावणात टाकलं की चंदेरी होतं, तेच ज्योतीवर धरलं की पितळ होऊन सोनेरी दिसतं. शाळेत हौसेने करून दाखवतात. ती नाणी पुढे चिल्लरीत जातात आणि इथे 'चांदीचा सेंट', 'सोन्याचा सेंट' म्हणून येतात. शिवाय १९८२ पासूनच्या जस्ताच्या सेंटवर तांब्याचा मुलामा चढायचा राहिला की तो पांढरा निघायचा. ती टांकसाळीचीच चूक, संग्रहात ठेवावी अशी, पण चकती भलती नव्हे. वजन २.५० च्या आसपास भरलं की मुलामा राहिलेला. २.२७ भरलं तर दहा सेंटच्या चकतीची शंका घ्या.

निळा_डबा
मंडळी, दागिन्यांचा काटा मिळाला, ०.०१ वाला. चुंबकही, जुन्या स्पीकरमधला.

चुंबक चिकटला. 😞

नुसता चिकटला नाही, मेजावरून नाणं उडी मारून गेलं त्याच्याकडे. वजन २.७२.

म्हणजे संपलंच ना?

खडूस_मापारी
पोलादी सेंट. मुलामा नंतर चढवलेला. वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही विकत तरी घेतलेला नाही.

कडेलोट
थांबा, एक गंमत बघा. भिंग असेल तर नाण्याची कड पाहा. त्या वर्षीच्या पोलादी पट्ट्याला जस्त आधी लावलं आणि चकत्या मग छाटल्या. म्हणजे खऱ्या सेंटच्या दोन्ही तोंडांना जस्त असतं, कडेला मात्र उघडं पोलाद. म्हणूनच हे सेंट कडेपासून गंजायला लागतात. तुमच्या नाण्याच्या कडेवरही तांबं आहे का?

निळा_डबा
आहे! कडेवर सगळीकडे तांबूस. एके ठिकाणी बारीक ओरखडा आहे, त्यात खाली राखाडी दिसतंय. आणि तिनाची शेपटी खाली लांब गेलीय, ठोकळादादा म्हणाले तशी. म्हणजे साल खरं, रंग खोटा. तुमच्या बरोबर उलटं!

ठोकळा
आपण दोघांची नाणी एकत्र केली तर एक खरं होईल 😂

पारा
ताई, काटा आहेच तर हौस म्हणून घनता काढून बघा. काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा, काटा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल, त्याने कोरड्या वजनाला भागा. बुडबुडे चिकटले तर आधी झटका. पोलादाला ७.८ च्या आसपास, ब्राँझला ८.८, चांदीच्या नाण्याला १०.३, जस्ताला ७.१.

निळा_डबा
केलं. पहिल्यांदा ०.३९ आलं, बुडबुडा होता. दुसऱ्यांदा ०.३५, तिसऱ्यांदाही ०.३५. २.७२ भागिले ०.३५ म्हणजे ७.७७. शाळेतला आर्किमिडीज आता कळला मला, खरंच.

चिकित्सक
छान केलंत. मर्यादाही सांगून ठेवतो: एवढ्या लहान नाण्याला ०.०१ ची चूक म्हणजे उत्तरात ०.२ चा फरक. तांबं-निकेल आणि ब्राँझ ही जोडी घनतेने वेगळी ओळखू येणारच नाही, दोन्ही जवळपास सारखी. आणि क्ष-किरणांच्या यंत्राने तपासलं तरी ते वरचाच पातळ थर वाचतं. तुमच्या सेंटला त्याने बिनदिक्कत 'तांबं' म्हटलं असतं.

नाणेफेक्या
माझं जरा वेगळं मत आहे, पटो न पटो. यातली सगळीच नाणी 'चुकून' पडलेली नसतात. काहींत चकती एवढी सोयीस्कर, ठसा एवढा नेटका की कुणीतरी रात्रपाळीला मुद्दाम घातली असावी असं वाटतं. अशी नाणी संग्रहात मानाने मिरवतात ते मला खटकतं. पेटीच्या फटीतून घरंगळलेली चकती आणि खिशातून टाकलेली चकती यांत फरक आहे.

कडेलोट
फरक आहे, मान्य. पण नाण्याकडे बघून तो सिद्ध कसा करणार? चलनात फिरून झिजलेलं असेल तर मी झुकतं माप देतो. मुद्दाम केलेलं नाणं कुणी चिल्लर म्हणून खर्च करत नाही.

घडवंची
मग १९४४ चे पोलादी सेंट कुठल्या खात्यात? तेव्हा तर सेंट परत तांब्याचे झाले होते ना?

कडेलोट
तो उलटा सांधा. तीन टांकसाळी, तिन्हींतून मोजके १९४४ चे पोलादी सेंट निघालेत. आदल्या वर्षीच्या शिल्लक चकत्या, असं सरळ उत्तर. पण फिलाडेल्फियाच्या बाबतीत आणखी एक वाट आहे. १९४४ मध्ये फिलाडेल्फियाने नुकत्याच मुक्त झालेल्या बेल्जियमसाठी २ फ्रँकची अडीच कोटी नाणी पाडली, आणि ती कशावर? सेंटच्याच उरलेल्या जस्त लावलेल्या पोलादी चकत्यांवर! म्हणजे त्या वर्षी त्याच इमारतीत पोलादी चकत्या फिरत होत्या. एखादी सेंटच्या यंत्राकडे गेली असणं सहज शक्य. डेन्व्हर आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्ये बेल्जियमचं काम नव्हतं, तिथे मात्र जुनी शिल्लकच म्हणावी लागते.

मजा बघा. तोच पोलादी तुकडा १९४४ च्या लिंकनखाली गेला तर जगात गाजलेली चूक, आणि शेजारच्या यंत्रात गेला तर अडीच कोटींतला एक.

निळा_डबा
थांबा थांबा. बेल्जियम?

निळा_डबा
डब्यात युरोपचा ढीग वेगळा केला होता. त्यात एक मळकट राखाडी नाणं, मी ते 'नंतर बघू'मध्ये टाकलेलं. आत्ता काढलं. बेल्जियमचं नाव, २ चा आकडा, साल १९४४!

चुंबकाला चिकटतं. सेंटवर ठेवलं तर तंतोतंत तेवढंच, नखाने चाचपडलं तरी पायरी लागत नाही. वजन २.७४.

खडूस_मापारी
१९४३ च्या सुरुवातीच्या चकत्या २.६९ च्या होत्या, वर्षाच्या मध्यापासून २.७५ च्या केल्या. तुमचं बेल्जियम नंतरच्या मालातलं. सेंटवर मुलामा आहे, त्यामुळे त्याचं मूळ वजन सांगता येणार नाही.

हा धागा वाचनखुणांत टाकतोय. सहसा टाकत नाही.

ठोकळा
मापारींकडून एवढं म्हणजे पद्मश्रीच समजा ताई.

निळा_डबा
😀 काकांनी दोन वेगवेगळ्या बंदरांतून आणलेली असणार ही. त्यांना तरी कुठे माहीत असेल. बेल्जियमच्या कडेवर गंजाची बारीक तपकिरी रेघ आहे, गोल फिरलेली. कडेलोट म्हणाले तशीच, उघडं पोलाद. तोंडावर मात्र कुठेच गंज नाही. दोन्ही एकाच प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवली आहेत आता.

खडूस_मापारी
एका पाकिटात नको, एकमेकांवर घासतील. आणि पाकीट मऊ पीव्हीसीचं असेल तर आजच काढा, हिरवट चिकट थर धरतो. कडक मायलरची दोन पाकिटं, डबीत सिलिका जेलची पुडी. गंजाच्या रेघेला हात लावू नका.

निळा_डबा
मऊच होतं. काढलं.